अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला लॅक्रॉस संघाचे बचाव प्रशिक्षकपद : ही वाट किती दूर जाते?

अजिंक्यतारा पायथा (सातारा)

नमस्कार. मी साताऱ्यात राहतो, नोकरीतून निवृत्त झालो आहे आणि या मंडळावर आजवर केवळ वाचक म्हणून येत होतो. आज मुलीच्या निमित्ताने प्रश्न विचारतो आहे. ज्या खेळाविषयी विचारायचे आहे त्याचे नावसुद्धा दीड वर्षापूर्वी मला माहीत नव्हते, त्यामुळे मांडणीत चूक आढळल्यास जाणकारांनी ती निःसंकोच दुरुस्त करावी.

आमचे मूळ गाव फलटणकडचे. त्या भागात मुलींच्या हॉकीला चांगले वातावरण आहे आणि वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे यांच्यासारख्या मुली तिथून भारतीय संघापर्यंत पोहोचल्या आहेत. आमची कन्या तेवढी पुढे गेली नाही, पण विद्यापीठाच्या संघात ती फुलबॅक म्हणून खेळली, नंतर तिने बी.पी.एड. केले आणि क्रीडा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ती पेनसिल्व्हेनियातील एका लहान महाविद्यालयात गेली. तिथे तिला पदवीधर साहाय्यक म्हणून काम मिळाले. शिक्षणशुल्क माफ आणि वर थोडे विद्यावेतन, असा तो व्यवहार होता. काम मुलींच्या हॉकी संघाबरोबरचे होते. मात्र हॉकीचा हंगाम नोव्हेंबरमध्ये संपतो, आणि वसंत ऋतूत त्याच मैदानावर लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा खेळ, सुरू होतो. गेल्या वर्षी लॅक्रॉसच्या मुख्य प्रशिक्षिकेने तिला बचावफळीच्या सरावासाठी बोलावले, ती गेली, आणि तिथेच रमली.

येत्या मे महिन्यात तिची पदवी पूर्ण होते. महाविद्यालयाने तिला पूर्णवेळ साहाय्यक प्रशिक्षकाची जागा देऊ केली आहे, ती अशी की शरद ऋतूत हॉकी आणि वसंतात महिला लॅक्रॉस संघाचा बचाव. करार एक वर्षाचा आहे. दुसरीकडे पुण्यातील एका खाजगी शाळेत क्रीडा विभागप्रमुखाची जागा तिच्यासाठी जवळजवळ निश्चित आहे. तिचा ओढा पहिल्या कामाकडे आहे, हे तिच्या आवाजावरूनच कळते.

मला समजून घ्यायचे आहे ते असे. संपूर्ण संघ न पाहता केवळ बचाव पाहणारी व्यक्ती वर्षभर नेमके काय करते? त्या कामातून पुढे मुख्य प्रशिक्षकपद मिळते, की माणूस त्याच पायरीवर राहतो? जिने हा खेळ स्वतः खेळलेला नाही तिला तिथे किती काळ मान मिळेल? आणि व्हिसाचे काय? माझ्या पत्नीचा प्रश्न एकच आहे, आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही म्हणून तो जसाच्या तसा लिहितो : दर वर्षी नव्याने ठरणाऱ्या नोकरीला नोकरी म्हणायचे का?

कृष्णाकाठचा कोपरारक्षक (सांगली)

साहेब, नोकरी आणि व्हिसा यांविषयी मी काही सांगणार नाही, तो माझा विषय नाही. पण बचाव शिकवणारी व्यक्ती काय करते, या प्रश्नाला उत्तर देण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण सांगलीत मी वीस वर्षे मुलींना कबड्डी शिकवतो आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे पकडी शिकवण्यातच गेली आहेत. माझी एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेत असते. तिने पाठवलेले महिला लॅक्रॉसचे सामने मी मोबाइलवर पाहिले आणि मग नाद लागून नियमही वाचून काढले.

पहिली गोष्ट म्हणजे आकडा. मैदानावर एका संघाच्या बारा खेळाडू असतात, परंतु गोलच्या बाजूला आखलेल्या मर्यादा रेषेच्या आत आक्रमण करणाऱ्या सातच जणी येऊ शकतात, आणि बचाव करणाऱ्या सात जणी व गोलरक्षक. सात जणींनी एकमेकींना सांभाळत एक जागा राखायची, हे चित्र आपल्याला परके नाही. आपल्याकडे चढाई तीस सेकंदांची असते, तिकडे आक्रमणाला नव्वद सेकंद मिळतात. अमेरिकेच्या महाविद्यालयीन डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे तीन विभागांतील सर्वांत वरच्या विभागात, हे घड्याळ २०१७ च्या हंगामापासून आले. तेवढ्या वेळात गोलवर फटका गेला नाही तर चेंडू दुसऱ्या संघाला मिळतो. म्हणजे चेंडू हिसकावून न घेताही केवळ शिस्तीने नव्वद सेकंद टिकून राहणे हे बचावाचे यश ठरते, आणि ही शिस्त कोणीतरी रोज घोटून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट मदतीची. चेंडू घेतलेली मुलगी आपल्या रक्षकाला चुकवून आत शिरली की शेजारची रक्षक स्वतःचे सावज सोडून तिच्या आडवी येते, आणि त्या शेजारणीने सोडलेल्या मुलीकडे तिसरी सरकते. याला ते ‘स्लाइड’ म्हणतात. आपल्या कोपरारक्षकाने घोटा धरला की मध्यरक्षकाने कोणत्या क्षणी झडप घालायची, हा जो आपला रोजचा वाद आहे, तोच हा वाद. लवकर गेलात तर मागची जागा मोकळी पडते. उशिरा गेलात तर काम झालेले असते. हा क्षण फळ्यावर आकृती काढून शिकवता येत नाही. शंभर वेळा चुकवून, प्रत्येक वेळी तिथेच थांबवून, ‘तू आत्ता कोणाकडे पाहत होतीस’ असे विचारूनच तो शिकवावा लागतो.

मात्र हे साम्य इथेच थांबवावे. कबड्डीत धरणे हाच खेळ आहे. महिला लॅक्रॉसमध्ये धरणे, ढकलणे, अंगाने धडक देणे यांना मनाई आहे. पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये शिरस्त्राण आणि अंगरक्षक घालून धडका चालतात आणि तिथल्या बचावपटूंना लांब काठ्याही मिळतात. मुलींकडे मात्र गोलरक्षक सोडल्यास सगळ्यांच्या काठीची लांबी एकाच मर्यादेत, डोळ्यांवर जाळीचा चष्मा आणि तोंडात दातांचे कवच, एवढेच असते. त्यामुळे तिथल्या बचावाचा सगळा भार पायांवर आहे. समोरच्या मुलीच्या पुढे पोहोचायचे, तिला गोलपासून बाजूला आणि तिच्या दुबळ्या हाताकडे वळवायचे, आणि काठीने काठीवर मारायचे तर तिच्या डोक्याच्या आसपास न जाता. हात बांधून पकड करायची म्हटल्यासारखे हे आहे. खरे सांगायचे तर पहिला सामना पाहताना मला तो नियमांचा अतिरेक वाटला होता. चौथ्या सामन्यात मी फक्त बचाव करणाऱ्या मुलींचे पाय पाहत बसलो, आणि मत बदलले.

माहेर विटा (मेरीलँड)

काका, मी मूळची विट्याची. गेली सोळा वर्षे मेरीलँडमध्ये आहे आणि एका महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात नियमपालनाचे काम करते. प्रशिक्षक कोणाला केव्हा फोन करतात, आठवड्यात किती तास सराव घेतात, याच्या नोंदी माझ्याकडे येतात. सांगलीच्या दादांनी मैदानावरचे काम इतके नेमके सांगितले आहे की मी त्यात थोडीच भर घालून मैदानाबाहेरच्या कामाकडे वळते, कारण वर्षातला मोठा भाग तिथे जातो.

भर अशी की बचाव प्रशिक्षिकेला दोन नियम मुलींच्या रक्तात उतरवावे लागतात. गोलसमोर आठ मीटरचा कमानीसारखा पट्टा असतो. त्यात बचाव करणारी खेळाडू, समोरची एखादी खेळाडू काठीच्या अंतरावर नसेल तर, तीन सेकंदांपेक्षा जास्त उभी राहू शकत नाही. दुसरा नियम असा की आक्रमक खेळाडू फटका मारण्याच्या तयारीत असताना तिच्या आणि गोलच्या मधल्या मोकळ्या वाटेत बचावाच्या मुलीने चुकीच्या बाजूने येऊन उभे राहायचे नाही, कारण हेल्मेट नसलेल्या मुलीच्या तोंडावर कठीण रबरी चेंडू बसू शकतो. या दोन्ही चुकांची शिक्षा म्हणजे समोरच्या संघाला आठ मीटरच्या रेषेवरून गोलवर मोकळा प्रयत्न. हॉकीतील पेनल्टी कॉर्नर ज्यांनी सोसला आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. आपण गोल वाचवतो आहोत असे मुलीला वाटत असते आणि नेमकी त्याच वेळी ती गोल देत असते. हे उलटे गणित मुलींच्या गळी उतरवणे हे पहिल्या वर्षाचे मुख्य काम.

आपल्या कन्येच्या हॉकीविषयी. तिचे पाय, खाली वाकलेली ठेवण, प्रतिस्पर्ध्याला एका बाजूला दाबत नेण्याची सवय, हे सगळे कामाला येईल. हॉकीत आपण समोरच्याला उलट्या काठीकडे वळवतो, इथे दुबळ्या हाताकडे. अडचण काठीच्या जागेची आहे. हॉकीच्या बचावपटूची काठी जमिनीलगत असते, लॅक्रॉसमध्ये चेंडू हवेतून जातो म्हणून काठी खांद्याच्या वर, पास जाण्याच्या वाटेत हवी. स्वतःचा हात खाली जात असेल तर दुसरीला ‘काठी वर’ म्हणताना आवाजात जोर येत नाही. तिने रोज अर्धा तास भिंतीवर चेंडू मारून दोन्ही हातांनी झेलावा. खेळाडू मुली प्रशिक्षिकेची जुनी पदके विचारत नाहीत, पण सरावात तिला पास झेलता येतो की नाही हे पहिल्या दिवशी पाहतात. लहान महाविद्यालयांत हॉकी आणि लॅक्रॉस मिळून एकच जागा भरण्याची पद्धत जुनी आहे, तेव्हा तिच्यासाठी कोणी वेगळी सोय केली आहे असे समजू नये. तिच्या पात्रतेला ही जागा जुळते म्हणून ती दिली आहे.

आता वर्षाचे चक्र. सामने फेब्रुवारीपासून मेपर्यंत. या काळात बचाव प्रशिक्षिका पुढच्या संघाची चित्रफीत पाहते : कोणती मुलगी कोणत्या हाताने आत शिरते, गोलच्या मागून खेळ कोण सुरू करते, मोकळ्या फटक्याच्या वेळी त्या कुठे उभ्या राहतात. त्यातून ती बचावफळीसाठी दीड-दोन पानांचा कागद बनवते. दहा पानांचा बनवला तर कोणी वाचत नाही, हे शिकायला नव्या प्रशिक्षकांना एक हंगाम लागतो. गोलरक्षकांचा सरावही बहुधा तिच्याकडेच असतो, आणि गोल वाचल्यानंतर चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सुखरूप नेण्याची आखणीही. ही शेवटची गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही, पण बचावातून बाहेर पडता न आल्यामुळे हरलेले सामने मी पुष्कळ पाहिले आहेत.

उन्हाळा संपूर्णपणे नव्या खेळाडूंच्या शोधात जातो. क्लब संघांच्या स्पर्धा असतात, एका संकुलात दहा-बारा मैदानांवर एकाच वेळी सामने चाललेले असतात आणि प्रशिक्षक घडीच्या खुर्च्या घेऊन मैदानामागून मैदान फिरत असतात. पूर्वी आठवी-नववीतल्या मुलींकडून महाविद्यालये तोंडी होकार घेऊन ठेवत. २०१७ मध्ये डिव्हिजन वनसाठी नियम झाला की अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपूर्वी प्रशिक्षकाने मुलीशी या विषयावर बोलायचे नाही. माझ्या मते हा नियम प्रशिक्षकांच्या कुटुंबांवरही उपकारच आहे. आपल्या कन्येचे महाविद्यालय लहान आहे, म्हणजे बहुधा डिव्हिजन थ्रीमध्ये असेल. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, त्यामुळे मुलीला आणि तिच्या आईवडिलांना महाविद्यालय पटवून देणे हे साहाय्यकाचे फार मोठे काम असते. आपली कन्या बोलण्यात कशी आहे हे मला ठाऊक नाही, पण मुख्य प्रशिक्षिकेने तिला ठेवून घेताना हे नक्की पाहिले असणार.

पुढे काय, हा आपला खरा प्रश्न. पदांची उतरंड साधारण अशी : पदवीधर साहाय्यक, साहाय्यक प्रशिक्षक, सहयोगी मुख्य प्रशिक्षक, मुख्य प्रशिक्षक. पूर्वी याच्याही खाली बिनपगारी ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ असे. डिव्हिजन वनने तो प्रकार २०२३ मध्ये रद्द केला आणि त्या जागी पगार देता येईल अशी वाट मोकळी केली. महिला लॅक्रॉस तिन्ही विभागांत मिळून पाचशेहून अधिक महाविद्यालयांत खेळला जातो, त्यामुळे जागा निघत राहतात. वर चढण्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे कॅथी रीस. त्या मेरीलँड विद्यापीठाच्या खेळाडू होत्या, तिथेच सिंडी टिमशल यांच्या हाताखाली साहाय्यक झाल्या, मग डेन्व्हरला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेल्या आणि २००७ च्या हंगामापासून मेरीलँडला मुख्य प्रशिक्षक म्हणून परतल्या. त्यानंतर त्यांच्या संघाने पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. म्हणजे मोठ्या घरी साहाय्यक, दूरच्या घरी मुख्य, आणि मग परत. पण दुसरीही वाट आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक जेनी लेव्ही यांनी १९९६ पासून संघ उभा केला, आणि त्यांच्यासोबत फिल बार्न्स यांनी बचावाची बाजू वर्षानुवर्षे सांभाळली. त्या जोडीला राष्ट्रीय विजेतेपदे मिळाली. दुसऱ्या क्रमांकावर राहून नाव होणे इथे अशक्य नाही.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, होय, ही नोकरीच आहे, पण आपल्याकडच्या अर्थाने कायम नाही. मोठ्या ठिकाणीही साहाय्यकांचे करार बहुधा वर्षाचेच असतात आणि मुख्य प्रशिक्षक गेली की नवी व्यक्ती आपली माणसे घेऊन येते. म्हणून इथे महाविद्यालयापेक्षा आपण कोणाच्या हाताखाली काम करतो आहोत हे पाहून जागा घ्यावी. मुख्य प्रशिक्षिका त्या ठिकाणी किती वर्षे आहे, तिचे आधीचे साहाय्यक आज कुठे आहेत, आणि संपूर्ण बचाव कन्येवर सोपवला जाणार आहे की ती केवळ सरावाचे शंकू मांडणार आहे, एवढे विचारून घ्यावे. आरोग्यविमा कधीपासून लागू होतो हेही.

व्हिसाविषयी वेगळे लिहिते, कारण तो भाग कंटाळवाणा असला तरी निर्णायक आहे.

शंकेखोर मिरजकर

ताईंचे उत्तर माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात एक बाजू राहून गेली असे मला वाटते. ती म्हणजे परतीची. समजा ही मुलगी चार-पाच वर्षे तिथे राहिली आणि नंतर परत यावे लागले. सांगली, सातारा किंवा पुण्यात महिला लॅक्रॉसचा बचाव शिकवण्याच्या अनुभवाचे कोण काय करणार? इथे प्रशिक्षकाच्या सरकारी जागेसाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका विचारतात, ती मान्यताप्राप्त खेळात हवी असते, आणि त्या पदविकेसाठी वयाची मर्यादाही असते. पुण्यातील जागा आज आहे. पाच वर्षांनी ती असेलच असे नाही. हॉकी ही तिची कमावलेली विद्या आहे. ती मागे टाकून, ज्या खेळाची इथे कोणाला ओळख नाही त्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवावीत का, हा प्रश्न वडिलांनी तिला विचारायलाच हवा.

ऑलिंपिकचा मुद्दा कोणी काढेल म्हणून आधीच सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन आपल्या मुंबईतच झाले आणि तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही प्रवेश मिळाला, हे खरे. पण तो सहा-सहा जणांचा लहान प्रकार आहे. मैदान ७० बाय ३६ मीटरचे, आठ मिनिटांचे चार डाव आणि आक्रमणाला अवघे तीस सेकंद. त्यात सगळ्यांनी आक्रमण करायचे आणि सगळ्यांनी परत धावायचे. वेगळी बचावफळीच नाही, मग वेगळ्या बचाव प्रशिक्षकाचे काय काम?

कृष्णाकाठचा कोपरारक्षक (सांगली)

मिरजकर, सहा जणांच्या खेळात वेगळी बचावफळी नाही म्हणून बचाव शिकवणारा नको, हे पटत नाही. उलट सहाही जणींना बचाव करावा लागतो म्हणजे सहाही जणींना तो शिकवावा लागणार. पतियाळाचा मुद्दा मात्र बरोबर आहे. मी स्वतः ती पदविका घेतली नाही आणि त्याची किंमत दोन वेळा मोजली आहे.

हॉकी मागे पडेल हेही मला दिसत नाही. ताईंनी लिहिले आहे की जागा दोन्ही खेळांची मिळून आहे. जी मुलगी वर्षाचे चार महिने हॉकीच्या बचावाबरोबर आणि चार महिने लॅक्रॉसच्या बचावाबरोबर काम करते तिच्या हॉकीला त्याने गंज चढणार नाही. माझ्याकडच्या दोन मुली खो-खोतून आल्या होत्या. पाठीमागे न पाहता बाजूच्या मुलीची हालचाल ओळखण्याची त्यांची सवय मला कबड्डीत शिकवूनही आली नसती.

माहेर विटा (मेरीलँड)

मिरजकरांचा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. भारतात परतल्यावर ‘लॅक्रॉस’ या शब्दाला आज भाव नाही. भाव येईल तो खेळाडूंची चित्रफीत कापून विश्लेषण करता येण्याला, दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूचा सराव आखता येण्याला, अंदाजपत्रक आणि प्रवास सांभाळता येण्याला. लहान महाविद्यालयात साहाय्यकाला हे सगळे करावे लागते, मोठ्या ठिकाणी त्यासाठी वेगळी माणसे असतात. त्या अर्थाने पहिली दोन-तीन वर्षे लहान जागी काढणे लाभाचेच आहे.

आता व्हिसा. विद्यार्थी व्हिसावर पदवी घेतल्यानंतर बारा महिने काम करण्याची परवानगी मिळते, जिला ओ.पी.टी. म्हणतात. विज्ञान-तंत्रज्ञान गटातील पदव्यांना त्यात आणखी चोवीस महिने मिळतात, पण क्रीडा व्यवस्थापन बहुधा त्या गटात येत नाही. कन्येने आपल्या प्रवेशपत्रावरील अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक पाहून खात्री करावी. म्हणजे एक वर्षाचा करार आणि एक वर्षाची परवानगी, हे दोन्ही एकाच सुमारास संपतील. त्यानंतर एच-वन-बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा, लागेल. विद्यापीठे आणि ना-नफा उच्चशिक्षण संस्था त्याच्या वार्षिक संख्यामर्यादेतून मुक्त आहेत, त्यामुळे कंपन्यांसारखी सोडत लागत नाही आणि अर्ज वर्षात केव्हाही करता येतो. हा फार मोठा दिलासा आहे.

अडचण दुसरीकडे आहे. या व्हिसासाठी ते पदच विशिष्ट विषयातील पदवी मागणारे असावे लागते. प्रशिक्षकांच्या जाहिरातींत सहसा ‘कोणतीही पदवी’ असे लिहिलेले असते आणि तिथेच अर्ज अडकतो. जाहिरातीत क्रीडाशास्त्र, शारीरिक शिक्षण किंवा क्रीडा व्यवस्थापन यांतील पदवी आवश्यक असल्याचे आधीपासून लिहिलेले असेल तर बाजू बळकट होते. हे महाविद्यालयाच्या मनुष्यबळ विभागाला आत्ताच विचारावे, पुढच्या मार्चमध्ये विचारून उपयोग नाही. आणखी एक. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेर असलेल्या व्यक्तींच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश निघाला. कोणतेही लहान महाविद्यालय साहाय्यक प्रशिक्षकासाठी एवढी रक्कम भरणार नाही. म्हणून ‘एकदा भारतात येऊन जाते, मग पुढचे पाहू’ हा विचार वकिलाला विचारल्याशिवाय करू नये.

अजिंक्यतारा पायथा (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. मिरजकरांचा प्रश्न मी कन्येला जसाच्या तसा विचारला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली की हॉकीत ती जे वर्षानुवर्षे करत होती त्याला शब्द काय आहेत हे तिला लॅक्रॉस शिकवताना प्रथमच कळले, आणि परत आल्यावर ती हॉकीच शिकवील, पण आता शिकवली असती त्यापेक्षा वेगळी. हे उत्तर पुरेसे आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. पुण्याच्या शाळेने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

मेरीलँडच्या ताईंनी सांगितलेले प्रश्न तिने मुख्य प्रशिक्षिकेला विचारले. त्या बाई तिथे नऊ वर्षे आहेत. त्यांच्या आधीच्या दोन साहाय्यक आज इतरत्र मुख्य प्रशिक्षक आहेत आणि एकीने हे क्षेत्र सोडले. बचाव संपूर्णपणे कन्येकडे राहील, मात्र मोकळ्या फटक्याच्या वेळची मांडणी पहिल्या वर्षी दोघींनी मिळून ठरवायची असे त्यांचे म्हणणे आहे. विमा पहिल्या महिन्यापासून. जाहिरातीतील पदवीच्या अटीविषयी मनुष्यबळ विभागाने अजून उत्तर दिलेले नाही.

तिने व्यायामशाळेतील सरावाची एक चित्रफीत पाठवली आहे. सात मुली अर्धवर्तुळात सरकत आहेत आणि त्या सगळ्या एकाच वेळी ओरडत आहेत. कन्या गोलच्या मागे उभी आहे आणि अधूनमधून शिटी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी थांबवते. सांगलीच्या सरांनी लिहिले होते ते मी ओळखले. पत्नीने दोनदा पाहिले आणि विचारले की या मुली सारख्या ‘हॉट, हॉट’ काय म्हणताहेत.

माहेर विटा (मेरीलँड)

काकूंना सांगा, ‘हॉट’ म्हणजे ‘आत शिरली तर पहिली मी जाईन’. चेंडू फिरला की ही जबाबदारी दुसऱ्या मुलीकडे जाते, म्हणून ती लगेच तोच शब्द घेते, आणि तिच्यामागची ‘टू’ म्हणते, म्हणजे ‘तू गेलीस तर तुझी मुलगी माझी’. दोघींनी एकदम ‘हॉट’ म्हटले किंवा कोणीच म्हटले नाही, की कन्या शिटी वाजवत असणार.

मनुष्यबळ विभागाकडे लेखी विचारणा करायला सांगावी, तोंडी नको. आणि ओ.पी.टी.चा अर्ज पदवीच्या तारखेच्या नव्वद दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे मेमधील पदवीसाठी फेब्रुवारीत. तो हंगामाचा पहिला महिना असतो, सामन्यांच्या धावपळीत तारीख निसटते. तिने तो सामने सुरू होण्याआधीच भरून तयार ठेवावा.